न्हाणीघराच्या विटा



जव्हार तालुक्यातील आपल्या मुलींच्या वसतिगृहात आंघोळीसाठी आजही बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा आहे. पहाटे साडेचारला तिथे रांग लागते, कारण उजाडल्यावर तिकडे जायला कोणी मुलगी तयार नसते. येत्या फेब्रुवारीत तिथे चार न्हाण्या आणि चार शौचालये बांधायची आहेत. बांधणार आहेत आमच्या गवंडीकाम वर्गाचे विद्यार्थी, आणि त्यात पाच मुलीही आहेत.

कंत्राटदार हे काम लवकर उरकेल, हे आम्हाला ठाऊक आहे. पण या वर्गातील बहुतेकांचे आईवडील दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात घरखर्चाला घेतलेली उचल हजारी विटांच्या हिशेबाने फेडायची, आणि पुष्कळदा ती फिटतच नाही. वीट पाडायची कशी, हे या मुलांनी लहानपणीच पाहिले आहे. लावायची कशी, हे मात्र कोणी शिकवले नव्हते. ज्याच्या हाती थापी आणि ओळंबा आला, त्याला रोजाने काम मिळते आणि उचल घ्यावी लागत नाही. मागच्या महिन्यात दोरीवर ३, ४ आणि ५ फुटांच्या खुणा करून त्यांनी पायाचा काटकोन काढला. गणितात नापास झालेला एक मुलगा म्हणाला, “सर, हे शाळेत असं का नाही दाखवलं?” (सर्व विद्यार्थी १८ वर्षांवरील आहेत. शाळकरी मुलांना आम्ही घमेल्याला हात लावू देत नाही.)

आता साहित्याविषयी. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्याचा दाखला आपणांस माहीत आहेच. तसा आम्हीही केला. सुमारे ६,००० विटा, ६० पोती सिमेंट, ३ ब्रास वाळू, शिवाय खडी, डबर, सळई, छपराचे पत्रे, आठ दारे आणि नळाचे सामान लागेल. पायाचे खोदकाम मुले जानेवारीतच करतील.

एक विनंती थोडी स्पष्टच करतो. साहित्य कोणते आणि किती, याइतकेच ते केव्हा येते हे महत्त्वाचे आहे. मागे एका कामासाठी एका दात्याने मोठ्या मनाने सिमेंट पाठवले, पण जूनमध्ये. जव्हारचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. फळ्यांवर रचून, ताडपत्री घालूनही दसऱ्यापर्यंत निम्म्या पोत्यांचे धोंडे झाले. कोरड्या जागेतसुद्धा तीन महिन्यांत सिमेंटची ताकद बरीच उतरते. म्हणून सिमेंट एकदम नको. २० पोती फेब्रुवारीच्या सुरुवातीला, बाकीची मागणीप्रमाणे हवीत.

विटा आणि वाळू मात्र जानेवारीअखेर आवारात पडायला हवी. कारण पाणी. वीट लावण्याआधी भिजवावी लागते आणि बांधकामावर निदान आठ-दहा दिवस पाणी मारावे लागते. आमची विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते. तेव्हा भिंती मार्चअखेर उभ्या राहिल्या नाहीत, तर मुलींना आणखी एक पावसाळा त्याच तट्ट्यांमागे काढावा लागेल.

उरलेल्या फरश्या, जुनी दारे चालतील का, असे काहीजण विचारतात. दारे चालतील, आधी माप आणि फोटो पाठवा. गुळगुळीत फरशी न्हाणीत नको, मुली घसरतील.

ज्यांना साहित्य पाठवणे जमणार नाही, त्यांनी एखाद्या विद्यार्थ्याचे चार महिन्यांचे विद्यावेतन किंवा शिकवणाऱ्या मिस्त्रींचा पगार उचलावा. विटांना दाते मिळतात, पगाराला मिळत नाहीत, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. आयकराची सवलत वस्तुरूप देणगीवर मिळत नाही, आणि २,००० रुपयांवरील रोख रकमेवरही नाही. ती हवी असल्यास धनादेशाने किंवा बँकेमार्फत रक्कम द्यावी. साहित्याची पोच आम्ही वेगळी देऊच.

दात्यांच्या नावाची पाटी लावणार का, हाही प्रश्न येतो. न्हाणीघरावर? मुलींना विचारले, तर त्या तोंडावर हात धरून हसल्या. नावे या पत्रकाच्या पुढच्या अंकात छापू.

पाठवण्यापूर्वी कार्यालयात एकदा फोन करावा. ट्रक वसतिगृहापर्यंत येत नाही. फाट्यापासून पुढे ट्रॅक्टर लागतो, आणि तो आदल्या दिवशी सांगून ठेवावा लागतो.