तेरेखोल: नदीपलीकडचा गोवा

तेरेखोल नदी म्हणजे गोवा आणि महाराष्ट्राची हद्द, असं आपण धरून चालतो. नदीच्या मुखाशी मात्र हा हिशेब चुकतो. उत्तरेच्या काठावर, म्हणजे सिंधुदुर्गाच्या अंगाला, समुद्रात घुसलेल्या टेकडीवर एक छोटा किल्ला आहे आणि लगत तेरेखोल नावाचं लहानसं गाव. एवढा तुकडा पेडणे तालुक्यात मोडतो. पंचायतही केरी-तेरेखोल अशी जोडनावाची, आणि दोन नावांच्या मधून नदी वाहते.

किल्ला मुळात पोर्तुगीजांचा नव्हेच. तो सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेमसावंत भोसल्यांनी बांधला. नदीतून आत जाणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायला याहून मोक्याची जागा नाही. समोर केरीची वाळू, डावीकडे नदी, उजवीकडे उघडा समुद्र. पेडणे, डिचोली, साखळी हा सारा मुलूख तेव्हा सावंतांच्या हातात होता. पोर्तुगीजांचा गोवा म्हणजे 1510 मध्ये घेतलेली तिसवाडी आणि 1543 पासूनचे बारदेश आणि साष्टी, एवढाच.

1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्याच धामधुमीत सावंतांच्या फौजा बारदेशात शिरल्या. तो प्रांत परत मिळाला तरी पोर्तुगीजांची झोप उडाली ती उडालीच. 1744 मध्ये गोव्यात नवा विसोरेय, म्हणजे व्हाइसरॉय आला, दों पेद्रू मिगेल द आल्मेदा. गडी साधा नव्हता. तरुणपणी तो आसुमारचा काउंट म्हणून ब्राझीलमधल्या साओ पाउलो आणि मिनासचा गव्हर्नर होता आणि 1720 मधलं विला रिकाचं बंड त्याने मोडून काढलं होतं. 1717 मध्ये त्याच्या मेजवानीसाठी मासे धरायला गेलेल्या कोळ्यांच्या जाळ्यात मेरीमातेची एक मूर्ती आली, असं ब्राझीलची परंपरा सांगते. आपारेसिदा या नावाने ती आज त्या देशाची संरक्षक देवता आहे. पेडण्याच्या इतिहासात ब्राझीलची देवी कुठून आली, असं कुणी विचारेल. पण वसाहतींचे अधिकारी असेच एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर बदलीवर जात, आणि एकीकडे शिकलेला धडा दुसरीकडे वापरत.

सावंतवाडीच्या गादीवर तेव्हा रामचंद्र सावंत होते. कारभार आणि तलवार जयराम सावंतांची. विसोरेयने मे 1746 मध्ये पेडणे महालातला हळर्णचा (पोर्तुगीजांच्या तोंडी आलोर्ना) कोट घेतला. डिचोली आणि साखळीवर चाल झाली. नोव्हेंबरात आरमार तेरेखोलवर आलं आणि 23 तारखेला किल्ला पडला. शेजारचा रेडीचा यशवंतगड आणि वरचा निवतीही घेतला. पुढे रेडी आणि निवती सावंतांकडे परत गेले. तेरेखोल तेवढा पोर्तुगीजांनी सोडला नाही. नदीपलीकडच्या गोव्याचा उलगडा एवढाच. बाकीचं पेडणे त्यांच्याकडे यायला आणखी चाळीसेक वर्षं लागली, म्हणजे तोवर हा किल्ला परमुलखात एकटाच उभा होता.

विसोरेयला मात्र मोठं बक्षीस मिळालं. हळर्णच्या विजयाबद्दल 1748 मध्ये तो आलोर्नाचा मार्किस झाला. त्याची नात लिओनोर पोर्तुगालची नामांकित कवयित्री, आणि ती ओळखली जाते आलोर्नाची मार्केझा म्हणूनच. पेडण्यातल्या एका गावाचं नाव लिस्बनच्या दिवाणखान्यांत पोचलं. हळर्णला त्यातून काही मिळाल्याचं मात्र दिसत नाही.

समुद्रापारच्या युरोपीय वसाहतीची एक ठरलेली रीत असे: आधी कोट, मग चर्च, मग भोवती बाजारपेठ. स्पॅनिशांनी 1565 मध्ये फ्लोरिडात वसवलेलं सेंट ऑगस्टीन असंच वाढलं. तेरेखोलला पहिल्या दोन पायऱ्या झाल्या. 1764 मध्ये किल्ला नव्याने बांधला गेला, आत चॅपेल आलं. आजही दरवाजातून आत शिरलं की समोर सांत आंतोनचं पांढरं चर्च येतं आणि जवळजवळ सगळं अंगण तेच अडवून बसतं. तिसरी पायरी मात्र आलीच नाही. मला वाटतं, ती त्यांना नकोच होती. अठराव्या शतकातल्या पोर्तुगीजांना नवं शहर नको होतं, जुन्या शहराभोवती कुंपण हवं होतं.

अठराव्या शतकात मिळवलेल्या मुलखात, म्हणजे नव्या काबिजादींत, त्यांचा हात आखडता राहिला तो म्हणूनच. 1781-82 मध्ये डिचोली आणि साखळी त्यांच्याकडे गेली. कोल्हापूरकरांशी झुंजताना मदत हवी म्हणून तिसऱ्या खेमसावंतांनी 1788 मध्ये पेडणेही देऊन टाकलं. पण तिसवाडी-बारदेशासारखी देवळं इथे पाडली गेली नाहीत. डिचोलीतल्या नार्व्याचं सप्तकोटेश्वर, शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केलेलं, जागच्या जागी राहिलं. पेडण्याच्या भगवतीची पुनव चालू राहिली. इथल्या देशप्रभू घराण्याची वतनदारी गेली नाही. उलट पोर्तुगालच्या राजाने त्यांना पेडण्याचे व्हिस्कोंद केलं.

एवढासा किल्ला पुढे मात्र दोनदा गाजला. बेर्नार्द पेरिस द सिल्व्हा हे गोव्याच्या कारभारावर नेमलेले पहिले गोमंतकीय. जानेवारी 1835 मध्ये सूत्रं हाती घेतली आणि अवघ्या काही दिवसांत लष्कराने त्यांना हुसकावलं. तेरेखोलची शिबंदी त्यांच्या बाजूने उठली आणि कापली गेली. पुष्कळ माहितीपत्रकांत हे बंड 1825 चं म्हणून छापतात. पेरिसांची नेमणूकच तेव्हा झालेली नव्हती. मग 15 ऑगस्ट 1954 ला आल्फ्रेड आफोंसो यांच्या सत्याग्रही तुकडीने नदीपलीकडून नव्हे, जमिनीवरून चालत येऊन इथे तिरंगा लावला. ज्या भूगोलामुळे किल्ला सावंतांना सोयीचा होता, तोच सत्याग्रहींना सोयीचा ठरला: पाठीमागे भारताची हद्द, पुढे दरवाजा.

मुक्तीनंतर किल्ल्याचं हॉटेल झालं. खोल्यांतून समुद्र दिसतो आणि तटावर उभं राहिलं की केरीहून सुटलेली फेरीबोट स्कूटरी घेऊन तिरकी येताना दिसते, कारण ओहोटीची ओढ तिला सरळ येऊ देत नाही. केरी-तेरेखोल पुलाचं काम सुरू झालं आणि वादात अडकलं. फेरी चुकली तर रस्त्याने किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंद्याला, तिथून रेडीमार्गे तेरेखोलला यायचं. म्हणजे गोव्यातून गोव्यात जायला महाराष्ट्र ओलांडावा लागतो.