आधी चाक गोल करा, मग सुरांचं बघू!

तर झालं असं, की जानेवारीत एका रात्री ताईने व्हॉट्सॲपवर एक ऑडिओ पाठवला. अकरा सेकंदांचा. ऐकला तर गंजलेल्या बिजागरीचं दार कोणीतरी हळूहळू उघडतंय आणि त्यात मांजराची शेपटी अडकलीये, असा आवाज. खाली तिचा मेसेज : 'हा माझा सा.'

ताई म्हणजे माझी आत्येबहीण. नेदरलँड्समध्ये मास्टर्स करतेय. हिवाळ्यात तिकडे संध्याकाळी पाचलाच अंधार होतो, बाहेर पाऊस आणि वारा, मग रूमवर बसून करायचं काय? तर बाईसाहेबांनी वाद्य बनवायला घेतलं. नाव हर्डी-गर्डी. मी नाव ऐकून हसले, तुम्हीही हसलात ना? पण आवाज तुम्ही ऐकलेला असू शकतो. 'ब्लॅक सेल्स' या समुद्री चाच्यांच्या सिरीजचं टायटल म्युझिक आठवा. किंवा एलुव्हेइटी हा स्विस फोक-मेटल बँड ऐकत असाल तर ड्रम्स आणि गिटारच्या मधूनच सनई आणि व्हायोलिनचं भांडण लागल्यासारखी एक घरघर येते. तीच ती.

सोप्या भाषेत सांगायचं तर हे गज नसलेलं व्हायोलिन. गजाऐवजी पोटात एक लाकडी चाक असतं. उजव्या हाताने दांडी फिरवायची, चाक फिरतं आणि त्याची राळ लावलेली कड तारांना घासत राहते. गज कधीतरी संपतो, परत फिरवावा लागतो. चाक संपतच नाही. त्यामुळे सूर अखंड. डाव्या हाताला पट्ट्यांची पेटी, म्हणजे पट्टी दाबली की लाकडाची छोटीशी खुंटी तारेला टेकते आणि सूर बदलतो. बोट काढलं की पट्टी आपल्याच वजनाने खाली पडते, स्प्रिंग वगैरे काही नाही. शिवाय काही तारा फक्त आधारस्वर धरून असतात. तानपुरा आणि व्हायोलिन एकाच खोक्यात, असं म्हणा ना! (रस्त्यावर हँडल फिरवून वाजवतात त्या पेटीलाही इंग्रजीत कधी कधी हेच नाव लावतात. ते वेगळं. त्यात तारा नसतात.)

वाद्य जुनं आहे. स्पेनमधल्या सांतियागो द कोंपोस्तेलाच्या कॅथेड्रलमध्ये 1188 सालच्या दगडी कमानीवर दोन म्हातारे मांडीवर एकच लांबलचक वाद्य घेऊन बसलेत. ते याचं पणजोबा. एकाने दांडी फिरवायची, दुसऱ्याने पट्ट्या. पुढे ते लहान झालं, एकट्याला वाजवता येऊ लागलं आणि भिकाऱ्यांच्या, आंधळ्या गायकांच्या हातात गेलं. मग अठराव्या शतकात फ्रान्सच्या सरदारांना खेडवळ असण्याची फॅशन सुचली आणि हेच वाद्य दरबारात पोचलं. जुन्या गिटारींच्या पोटात चाकं बसवून देणारे कारागीर तेव्हा जोरात होते. फॅशन गेली, वाद्य परत रस्त्यावर. शुबर्टच्या 1827 सालच्या 'विंटररायझे'मधलं शेवटचं गाणं अशाच एका म्हाताऱ्यावर आहे. तो बर्फात अनवाणी उभा राहून हे वाजवतो आणि कोणी ऐकत नाही. मध्य फ्रान्समधल्या झांझा नावाच्या छोट्या गावात मात्र पाजो घराण्याने अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पिढ्यानपिढ्या ही वाद्यं घडवली. आपली मिरज जशी सतारी-तानपुऱ्यांची, तसं ते गाव.

आता ताईला हे खूळ का लागलं? तर तिचा तानपुरा. मिरजेचाच, आत्याच्या घरी कोपऱ्यात गवसणी घालून उभा आहे. विमानातून नेणार कसा? तिकडे ती ॲपच्या तानपुऱ्यावर रियाज करायची. 'फोनमधून सा येतो गं, पण खोली भरत नाही,' हे तिचं म्हणणं. त्यात विद्यापीठाच्या मार्चमधल्या इंटरनॅशनल नाइटला तिने नाव देऊन टाकलं : गायन, साथ स्वतः बनवलेलं वाद्य. वाद्याचा तेव्हा पत्ता नव्हता. हातात दोन महिने.

उस्तादाच्या हातची चांगली हर्डी-गर्डी काही हजार युरोंना जाते, म्हणजे रुपयांत लाखांच्या घरात. विद्यार्थ्याचं काम नाही. पण नेदरलँड्समध्येच याप ब्रांड नावाच्या माणसाने 'नर्डी गर्डी' डिझाइन केलीये. लेझरने कापलेलं प्लायवुड, जोडायचं आणि चिकटवायचं. स्वतःपुरती बनवायची असेल तर आराखडे मोफत मिळतात. ताईने अशाच एका आराखड्यावर भाग कापून घेतले. पहिल्या वीकेंडलाच सांगाडा उभा राहिला. फोटो फॅमिली ग्रुपवर, आत्याचे तीन अंगठे. मग तो अकरा सेकंदांचा ऑडिओ आला.

चूक कुठे झाली? चाकात. तिने चाक आसावर बसवलं आणि घाईने तारा चढवल्या. डोळ्याला चाक गोल दिसत होतं. पण तारेला डोळ्यापेक्षा जास्त कळतं. कडेवर मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा उंचवटा असला तरी चाकाच्या प्रत्येक फेरीत तार एकदा दाबली जाते, एकदा सुटते. आवाज 'वाँऽव, वाँऽव' असा झुलतो. म्हणून जाणते कारागीर चाक बाहेर गोल करून समाधान मानत नाहीत. ते वाद्यातच, त्याच्याच आसावर, तारा चढवण्याआधी शेवटचं घासतात.

मग ताईने सगळ्या तारा उतरवल्या. पेन्सिल एका ठोकळ्यावर पक्की धरायची, टोक कडेच्या अगदी जवळ, आणि चाक हळू फिरवायचं. जिथे शिशाचा डाग पडतो तो उंचवटा. तिथे सँडपेपर. परत पेन्सिल. परत सँडपेपर. तीन संध्याकाळी हेच. व्हिडिओ कॉलवर मला फक्त भुसा आणि तिचा कपाळाला चिकटलेला केस दिसत होता. शेवटी पेन्सिलीची रेघ सगळीकडे सारखी उमटली, तेव्हा ती ओरडली आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने छताला काठी ठोकली. त्याने तोपर्यंत बरंच सोसलं होतं.

चाक गोल झालं म्हणून सूर लागला? छे. आता कापूस. तार चाकाला जिथे टेकते तिथे तिच्याभोवती कापसाचे धागे गुंडाळतात. कमी झाला तर तार किंचाळते, जास्त झाला तर घोगरी होते. मग कागद. तारेचा चाकावरचा दाब कमी-जास्त करायला घोडीच्या खाचेत, तारेखाली, कागदाची बारीक चिठी सरकवतात. एक चिठी घातली की खालचा सूर सुधारतो आणि वरचा बिघडतो. ताई इथे पार रडकुंडीला आली. 'सोडते,' म्हणाली. तेव्हा आत्याने फोन हातात घेतला. आत्याला हर्डी-गर्डी म्हणजे काय ते आजही सांगता येणार नाही. ती एवढंच बोलली, 'अगं, तानपुऱ्याची जवारी लावताना तारेखाली दोरा कसा सरकवतेस? केसभर. मग ऐकतेस. मग परत केसभर. इथे काय वेगळंय?'

खरंच फार वेगळं नव्हतं.

मार्चच्या कार्यक्रमात ताईने हर्डी-गर्डीवर सा आणि प धरले आणि भूप गायली. पट्ट्यांना हातच लावला नाही, कारण वरचे सूर अजून कणसूर होते. त्यातली मजेची गोष्टही जमली नव्हती. या वाद्यात एका तारेखाली एक घोडी मुद्दाम सैल ठेवतात, तिला फ्रेंच लोक 'कुत्रा' म्हणतात. मनगटाला झटका देऊन चाक क्षणभर जोरात फिरवलं की तिचा सुटा पाय लाकडावर थडथडतो आणि गुरगुरत ठेका येतो. ताईचा कुत्रा एक तर झोपलेला असायचा, नाहीतर सारखा भुंकायचा. म्हणून तिने ती तार सरळ चाकावरून बाजूला करून अडकवून ठेवली. रेकॉर्डिंग मी ऐकलंय. मध्ये एकदा प थोडा उतरतो. पण खोली भरते.

तुम्हाला करून बघायचंय? मग लगेच अख्खं वाद्य बनवायला बसू नका. एका फळीवर एक तार ताणा, एक चाक बसवा, व्हायोलिनची राळ आणा आणि आधी तो एकच सूर स्थिर करून दाखवा. लेझर कटिंगवाले आता बऱ्याच शहरांत आहेत. पण आपल्याकडे पावसाळ्याची वेगळी भीती. लाकूड दमट हवेत फुगतं, आणि ते सगळीकडून सारखं फुगत नाही. भर लाकडापेक्षा प्लायवुडचं चाक त्यातल्या त्यात बरं. पेन्सिल मात्र हाताशी ठेवायची.

कालच ताईचा नवीन ऑडिओ आलाय. सात सेकंदांचा. गुर्र, गुर्र, गुर्रगुर्र. खाली मेसेज : 'कुत्रा उठला. शेजारी पण.'