तेल खाणारे यीस्ट आणि त्याची दोन रूपे

१९९१ च्या जानेवारीत, आखाती युद्धाच्या वेळी, कुवेतकडून तेलाचा तवंग किनाऱ्याने खाली सरकू लागला तेव्हा आमच्या खोबरच्या घरात पिंपे, बादल्या, एवढेच काय प्रेशर कुकरसुद्धा पाण्याने भरून ठेवला होता. येथे समुद्राचेच पाणी गोडे करून पुरवतात. तेल त्या प्रकल्पाच्या तोंडाशी आले असते तर प्यायचे काय? सुदैवाने बराचसा तवंग जुबैलच्या उत्तरेला अबू अली बेटापाशी अडला.

तेव्हापासून ‘तेल खाणारे जंतू’ असे कोठे दिसले की मी वाचतोच. त्यातले एक तर आपल्याच गावाकडचे निघाले! मुंबईजवळच्या तेलाने दूषित झालेल्या समुद्रातून ‘यारोविया लिपोलिटिका’ नावाचे यीस्ट वेगळे केले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संग्रहात त्याचा क्रमांक आहे ३५८९. त्यावर काम करणाऱ्यांत डॉ. स्मिता झिंजार्डे आणि डॉ. आदिती पंत होत्या (१९८३-८४ च्या मोहिमेत अंटार्क्टिकाला गेलेल्या त्याच पंतबाई). हे यीस्ट बॉम्बे हायच्या कच्च्या तेलातील पॅराफिनसारखे घटक खाते, आणि तेलाचे बारीक थेंब करणारा पदार्थही स्वतःच तयार करते.

१९९८ साली या यीस्टच्या रूपबदलावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याला दोन रूपे आहेत. एकात पेशी गोलसर असते आणि बटाट्याला डोळा फुटावा तशी तिला कळी फुटते. दुसऱ्यात ती एकाच टोकाने लांबत जाते आणि शिळ्या भाकरीवरच्या बुरशीसारखे धागे बनतात. अन्न, हवा, आम्लता पाहून ती रूप बदलते.

पण वाढायचे कोणत्या टोकाला, हे पेशीला कसे कळते? ते जनुके ठरवतात. स्पेनमधील शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये ‘हॉय-१’ हे जनुक शोधले. ते बिघडवले की पेशी जगते, पण धागा काढत नाही. कॅनडात २००० साली ‘रॅक-१’ या जनुकाबद्दलही असेच आढळले. म्हणजे जगण्याची यंत्रणा एक आणि लांबण्याचे बटण वेगळे. मला हे फार गमतीचे वाटते. कारखान्याच्या टाकीत धाग्यांचा गुंता झाला की ढवळणे अवघड होते, म्हणून हे बटण उपयोगी.

मग पुढच्या वेळी समुद्रावर हेच यीस्ट शिंपडावे का? आमच्या शेजाऱ्यांनी विचारले होते. इतके सोपे नाही. नुसत्या तेलावर त्याचे भागत नाही, नायट्रोजन आणि फॉस्फरसही लागतो, आणि उघड्या समुद्रात तो पुरेसा नसतो. शिवाय तेलातील जड, डांबरी भाग बहुतेक मागे राहतो.

असेच रूप बदलणारे दुसरे यीस्ट, कॅन्डिडा, आपल्यापैकी अनेकांच्या तोंडात निमूटपणे राहत असते. मधुमेह आटोक्यात नसला, अँटिबायोटिक फार दिवस घेतले किंवा दम्यासाठी स्टिरॉइडचा इनहेलर असला की ते वाढते आणि धागे काढून तोंडाच्या आतल्या त्वचेत शिरते. १९९७ मध्ये दोन जनुके काढून धागे काढू न शकणारे कॅन्डिडा तयार केले, तर उंदरांना त्यापासून प्राणघातक रोग झाला नाही. येथल्या धुळीमुळे आपल्याकडे इनहेलर घेणारे पुष्कळ आहेत. प्रत्येक वेळी नंतर खळखळून चूळ भरा आणि ते पाणी थुंकून टाका. जिभेवर पांढरा थर दिसला तर डॉक्टरांना दाखवा. इनहेलर मात्र आपल्या मनाने बंद करू नका.