डर्टी काऊ आणि तेंदूची फळी

चंद्रपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी 'ऑपरेटिंग सिस्टीम' शिकवतो. 'रेस कंडिशन' (वेळेची शर्यत) आली की वर्ग ढिम्म होतो. मग मी सरळ तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानांचे पुडे मोजून घेतात तिथे, जातो, कारण अहेरी-एटापल्लीकडच्या मुलांनी ती पाहिलेली असते. मे महिन्यातली संध्याकाळ, आणि एकाच वहीत दोन मुन्शी पुडे चढवताहेत असं समजा. एकाने आधीचा आकडा वाचला, ३४०. तेवढ्यात दुसऱ्यानेही तोच वाचला. पहिल्याने १०० मिळवून ४४० लिहिले. दुसऱ्याने आपले ५० मिळवून ते खोडले आणि ३९० लिहिले. पुड्यात ७० पानं धरली तर ७,००० पानांची मजुरी बुडाली. बेरीज दोघांचीही बरोबर, गोंधळ नुसता वेळेचा. आणि रोज होईल असंही नाही, म्हणून तर सापडत नाही.

मोबाइलच्या मेमरीत हेच घडतं. अँड्रॉइड ज्याच्यावर उभं आहे ते लिनक्स मेमरीची पानं पाडतं, बहुधा ४ किलोबाइटची. एकच फाइल अनेक प्रोग्राम वाचत असले तर पान एकच ठेवायचं. खासगी वापरासाठी कुणी त्यावर लिहायला गेलं की त्याला वेगळी प्रत काढून द्यायची. याला म्हणतात 'कॉपी-ऑन-राइट', थोडक्यात 'काऊ'. काटकसर उत्तम, पण निदान २००७ च्या २.६.२२ आवृत्तीपासून तिच्यात एक भोक होतं. ते उघडकीला आलं ऑक्टोबर २०१६ मध्ये, सुरक्षा संशोधक फिल ओस्टर यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला तेव्हा. नाव पडलं 'डर्टी काऊ'.

भोक असं: फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलवर प्रोग्रामचा एक धागा (थ्रेड) लिहायला जातो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत काढतो आणि 'प्रत निघाली, आता लिहिण्याची खूण नको' म्हणून ती खूण पुसतो. नेमक्या त्या क्षणी त्याच प्रोग्रामचा दुसरा धागा सांगतो, 'ते पान मला नको, टाकून दे.' प्रत जाते. कर्नल पुन्हा पान शोधतो. खूण पुसलेली, म्हणून त्याला वाटतं नुसतं वाचायचंय, आणि तो मूळ पान हातात देतो. लिखाण थेट मूळ फाइलवर! साध्या वापरकर्त्याने ही शर्यत हजारो वेळा लावली की एकदा तरी साधते, आणि यंत्राची सगळी सत्ता त्याच्या हाती येते.

लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांची दुरुस्ती मोजक्या ओळींची होती: लिहिण्याची खूण पुसायचीच नाही, 'प्रत काढली' अशी वेगळी खूण करायची आणि ती प्रत अजून जागेवर आहे का, हे तपासायचं. गंमत म्हणजे त्यांनीच त्याच्या ११ वर्षं आधी हा दोष दुरुस्त करून पाहिला होता. आयबीएमच्या एस३९० यंत्रांवर अडचण आल्याने ती दुरुस्ती काढावी लागली. तेव्हा ही शर्यत कागदावरचीच वाटत होती.

इथे कुणीतरी विचारतंच, "सर, मंग कुलूपच लावून टाका नं!" लावतात की. पण प्रोग्रामच्या सगळ्या मेमरीला एकच लॉक असलं की धागे रांगेत ताटकळतात. म्हणून २०२३ च्या ६.४ आवृत्तीत मेमरीच्या प्रत्येक भागाला वेगळं लॉक आलं. वेग वाढला; काळजी घेण्याच्या जागाही वाढल्या. माझ्या मते हा सौदा कधीच फुकट नसतो.

आपल्याकडे याचं काय? २०१८ च्या व्याघ्रगणनेत वनरक्षकांनी 'एम-स्ट्राइप्स' हे मोबाइल ॲप वापरलं. पायी फिरून टिपलेल्या वाघाच्या खुणा आज अशा फोनमध्येच जातात; तो फोन सुरक्षित आहे का, हा प्रश्न. डर्टी काऊवरचा अँड्रॉइडचा इलाज डिसेंबर २०१६ मध्ये आला होता. तरी सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रो कंपनीने 'झेडएनआययू' हे घातक सॉफ्टवेअर उजेडात आणलं. ते हेच भोक वापरत होतं आणि त्याचे बहुतेक बळी चीन आणि भारतातले होते. गूगलने दुरुस्ती दिली तरी फोन बनवणाऱ्याला ती पाठवावी लागते. स्वस्त हँडसेटला ती उशिरा मिळते, कधी मिळतच नाही. त्यात भामरागड-सिरोंच्याकडे रेंजची बोंब.

तेव्हा आज एवढं करा. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' उघडून सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल आणि नवं अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नका, आणि कुणी पाठवलेलं ॲप तर मुळीच उतरवू नका.