हेळसांड आणि हतबलता

काही महिन्यांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात एक वक्ते म्हणाले, "या लोकांना मुलांची पर्वाच नसते. जन्माला घालतात आणि सोडून देतात." सभागृहात माना डोलल्या. 'या लोकांना' म्हणजे कोणाला, हे कोणी विचारले नाही. ते सर्वांना ठाऊक होते. मीही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची टोचणी हा लेख लिहायला लावते आहे. परंतु वक्त्यांना उत्तर देणे एवढाच माझा हेतू नाही. असे आरोप खोडून काढताना आपल्याच घरातले एक सत्य आपण झाकून ठेवतो, असे मला वाटू लागले आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ प्रमाणे, मूल ज्याच्या ताब्यात आहे अशा माणसाने त्याला मारहाण केली, टाकून दिले, छळले किंवा जाणूनबुजून त्याची हेळसांड केली आणि त्यातून मुलाला शारीरिक वा मानसिक यातना होण्याचा संभव असला, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आईबापही यातून सुटत नाहीत. मात्र त्याच कलमाला एक परंतुक आहे. जन्मदात्यांनी आपल्या आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल टाकले असे आढळले, तर ते त्यांनी जाणूनबुजून केले नाही असे मानावे आणि शिक्षा होऊ नये. म्हणजे हेळसांड वेगळी आणि हतबलता वेगळी, हे कायद्यालाही मान्य आहे. शिबिरातले वक्ते दोन्हींना हेळसांड म्हणतात. आपण कित्येकदा दोन्हींना हतबलता म्हणून मोकळे होतो.

हतबलता म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये सांगितलेल्या १९०१ च्या प्रसंगातून कळते. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांच्याकडे जायला मुले साताऱ्याहून निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणीही आले नव्हते, कारण येत असल्याचे पत्र नोकराने वडिलांना दिलेच नव्हते. वरच्या जातीतल्या मुलांच्या बाबतीत एवढ्याशा चुकीने तास-दोन तासांचा खोळंबा झाला असता. इथे जात कळताच गाडीवाले मिळेनात. मिळाला त्याने दुप्पट भाडे घेतले आणि बैल मुलांनाच हाकायला लावले. जवळ अन्न होते, पण रात्रभर पाणी मिळाले नाही. रामजी सुभेदारांना मुलांची पर्वा नव्हती असे कोण म्हणेल? आपल्या आईबापांच्या हातून झालेल्या लहानशा चुकीचीही किंमत मुलाला मोजावी लागते, आणि ती किती, हे जात ठरवते.

आता माझ्या घराविषयी. माझे आईबाप ऊसतोडीला जात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोळी निघे, ती मार्च-एप्रिलात परते. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही, आणि एका दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जात. अशा माणसांनी मुलांना फडाच्या बांधावर ठेवले तर त्याला मी हेळसांड म्हणणार नाही. तो उचलीचा, मुकादमाचा आणि कारखानदारीचा हिशेब आहे.

पण गावात आजी होती आणि तिला एकच पोर सांभाळणे झेपत होते. मी सहा वर्षांचा झालो तेव्हा मला आजीजवळ ठेवून शाळेत घातले. थोरली बहीण तिसरीत होती. तिला कोपीवर नेले. ती धाकट्याला कडेवर घेई, पाणी भरी, भाकरी थापी. पंधराव्या वर्षी तिचे लग्न झाले. मुलीसाठी अठरा वर्षांची अट १९७८ पासूनच कायद्यात होती. आई म्हणते, "कोपीला दार न्हाई, कडी न्हाई. वयात आलेली पोर कुठं ठिवावी?" ती भीती खरी होती. मात्र दोघांपैकी कोणाला ठेवायचे हे ठरवणे आईबापांच्या हातात होते. लग्नाआधी मुलीला एक शब्द विचारणेही हातात होते. ते झाले नाही. माझ्या पदवीचा पाया तिच्या सुटलेल्या शाळेवर आहे, हे कबूल केल्याशिवाय मला दुसऱ्या कोणाच्या आईबापांवर बोलण्याचा अधिकार नाही.

बाबासाहेबांनी या बाबतीत आपल्याला सवलत दिली नव्हती. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी सांगितले की, मुलांच्या लग्नाची घाई करू नका. प्रत्येक मुलाला आपल्यापेक्षा चांगली सुरुवात करून देणे हे आईबापांचे कर्तव्य आहे. समोरच्या स्त्रिया गरीब आहेत हे त्यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी कर्तव्य सांगितले, कारण गुलामाला कोणी कर्तव्य सांगत नाही, त्याला हुकूम देतात. जबाबदारी सांगणे म्हणजे समोरच्याला माणूस मानणे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी प्रत्येक प्रकरणात दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. आईबापांच्या हातात काय नव्हते? ते ज्यांच्या हातात होते त्यांच्याकडे मागितले पाहिजे. टोळी निघण्यापूर्वी हंगामी वसतिगृह उघडले का, हे शाळेला आणि जिल्हा परिषदेला विचारावे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे प्रकरण बालकल्याण समितीकडे न्यावे. १०९८ हा क्रमांक वस्तीतल्या प्रत्येक पोराला पाठ असावा. दुसरा प्रश्न, त्यांच्या हातात काय होते? दारूत गेलेली मजुरी, पोराच्या पाठीवरचा पट्टा, मुलीची काढून घेतलेली शाळा, नात्यातल्याच माणसाने मुलीवर केलेला अत्याचार अब्रूच्या नावाने दाबणे: यांना गरिबीचे पांघरूण घालू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने असा गुन्हा माहीत असून न कळवणे हाही गुन्हा ठरवला आहे. २००६ च्या कायद्याने बालविवाह लावणारे किंवा निष्काळजीपणे तो होऊ देणारे आईबाप शिक्षेस पात्र ठरतात.

आपल्या घरातले बोललो तर ते लोक त्याचे भांडवल करतील, ही भीती मला समजते. ते करतीलही. परंतु त्यांच्या भीतीने आपण गप्प बसलो, तर त्याची किंमत आपण मोजत नाही. ती आपल्या वस्तीतली तिसरीतली मुलगी मोजते. यंदाची टोळी निघण्यापूर्वी तिच्या घरी एकदा जाऊन यावे, एवढे तरी आपल्या हातात आहे.