खळगा किती खोल?

इंजिनाच्या सिलिंडरला होनिंग करताना आतून मुद्दाम तिरक्या बारीक रेघा ओढतात, कारण तेल त्यांत धरून राहतं. इस्राएलच्या टेक्निऑन संस्थेतल्या इझाक एट्सिऑन यांनी १९९०च्या दशकात हाच विचार पुढे नेला. पंपाच्या सीलसारख्या सपाट, घासत फिरणाऱ्या भागांवर त्यांनी लेझरने सूक्ष्म खळगे पाडले आणि घर्षण घटलं. मग रोलर बेअरिंगवरही खळगे पाडावेत, असं वाटणं साहजिकच होतं.

पण रोलर आणि रिंग यांचा संपर्क जेमतेम एका चिंचोळ्या पट्टीवर होतो. तिथला दाब एक गिगापास्कलच्या वर जातो, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास दहा हजार पट. त्याखाली पोलाद किंचित चेपून पुन्हा सरळ होतं आणि तेल कमालीचं घट्ट होतं. दोन्ही धातूंना दूर ठेवतो तो तेलाचा थर बहुधा एक मायक्रॉनही जाड नसतो. अशा ठिकाणी पाच-दहा मायक्रॉनांचा खळगा आला, तर त्यात दाब घटतो, तेल तिकडे वळतं आणि खळग्याच्या काठाशी थर विरळ होऊन धातू धातूला टेकू शकतो. शिवाय काठावर ताण एकवटतो. बेअरिंगचं आयुष्य संपवणारी चीर तिथूनच सुरू होण्याची भीती असते.

हे प्रत्यक्ष पाहता येतं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. क्रोमियमचा पातळ थर दिलेल्या काचेच्या तबकडीवर पोलादी गोळा फिरवतात, मधे तेल असतं. वरून प्रकाश टाकला की पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर उमटतात तसे रंग दिसतात आणि रंगावरून थराची जाडी कळते. चेकियातल्या ब्रनो इथे क्रुप्का आणि हार्टल यांनी खळगे पाडून असेच प्रयोग केले. खोल खळगा संपर्कात शिरला की थर खचतो. मायक्रॉनच्या काही दशांशांइतकाच उथळ खळगा असेल आणि दोन पृष्ठभागांच्या वेगात थोडा फरक असेल, तर खळग्यातलं तेल बाहेर ओढलं जातं आणि आजूबाजूचा थर उलट जाड होतो. यंत्र सुरू होताना किंवा थांबताना थर आधीच अपुरा असतो, तेव्हा ही शिल्लक खरी कामाला येते.

म्हणून माझ्या मते, खळग्यांचा पहिला प्रयोग धावेवर, म्हणजे रोलर लोळतो त्या रिंगच्या पृष्ठभागावर, करू नये. टेपर रोलरचं टोक रिंगच्या कठड्याला घासत जातं. तिथे दाब त्या मानाने कमी आणि घसरण जास्त असते, म्हणून सुरुवात तिथून करावी.