दोघांत एकच गाडी : ‘नो क्लेम बोनस’ वाया घालवू नका

धंद्यात मंदी आली की घरखर्चाला कात्री लागते. मियाँ-बीवीच्या नावे दोन गाड्या असतील तर एक विकली जाते. गाडीचा भाव करताना आमचे व्यापारी बंधू हजार-पाचशेसाठी तासभर हुज्जत घालतील, पण तिच्या विम्यावर जमलेला ‘नो क्लेम बोनस’ तसाच सोडून देतील!

हा बोनस गाडीचा नसतो, विमा ज्याच्या नावे आहे त्याचा असतो. क्लेम न घेता एक वर्ष गेले की 20 टक्के, पुढे 25, 35, 45 आणि पाच वर्षांनंतर 50 टक्के सूट मिळते. ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावरच. थर्ड पार्टीच्या हप्त्यात एक पैसा कमी होत नाही.

समजा मियाँचा बोनस 50 टक्के, बीवीचा 35, आणि मियाँची गाडी विकली. त्याचे 50 टक्के बीवीच्या गाडीला लागत नाहीत. निकाह झाला म्हणून विम्याचे खाते एक होत नाही. (हयातीत ही अट, मृत्यूनंतर गाडी पती, पत्नी, मुले वा आईवडिलांकडे गेली तर बोनसही जातो.) मियाँने विक्रीचे कागद दाखवून कंपनीकडून बोनस राखल्याचे पत्र घ्यावे. तीन वर्षांत त्याच्या नावे दुसरी कार आली तर सूट तिच्यावर मिळते. कारचा बोनस मालाच्या टेम्पोला मात्र चालत नाही. दुसरी कार घ्यायचीच नसेल, तर ज्याचा बोनस मोठा त्याची गाडी ठेवणे फायद्याचे.

उरलेल्या गाडीचे काय? ती बीवी चालवो, मियाँ की मुलगा, क्लेम घेतला की मालकाचा बोनस शून्यावर येतो. हिशेब पाहा. नुकसानीचा मूळ हप्ता 12,000 रुपये धरू. 50 टक्के सुटीने 6,000 भरत होतो. क्लेमनंतर पाच वर्षे अनुक्रमे 12,000, 9,600, 9,000, 7,800 आणि 6,600 भरावे लागतात. मूळ हप्ता तोच राहिला तर जादा गेले 15,000. मग बंपरच्या पाच हजारांच्या कामासाठी क्लेम कशाला? गॅरेजवाल्याला रोख द्यावेत. थोडा जादा हप्ता भरून बोनस वाचवणारे संरक्षणही मिळते; घरात शिकाऊ चालक असेल तर आम्ही ते घ्यावे म्हणू.

मुदत संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर बोनस बुडतो. कंपनी बदलताना क्लेम लपवू नये. ऐन वेळी भरपाई अडते.

आखातातून परतणाऱ्या कोकणी बंधूंनी तिथल्या कंपनीचे बोनसचे पत्र सोबत आणावे. तिथला विमा संपल्यापासून तीन वर्षांत इथे विमा उतरवला, तर तो बोनस इथेही मिळू शकतो.